बाटलीतला कापूस

हे मी आजवर कुणापुढं उघडं केलेलं नाही. लेकीपुढं नाही, सख्ख्या बहिणीपुढं नाही. विहारात वंदनेला बसले आणि हे मनात वर यायला लागलं, की मी जरा मोठ्यानं म्हणायला लागते. शेजारच्या बायांना वाटतं, किती मनापासून म्हणते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय — सरळ जमेल का, ते मात्र माहीत नाही.

मी शिरूरला राहते. धंदा करणाऱ्या बायांमध्ये एका संस्थेचं काम करते. पूर्वी मीही त्याच वाटेवर होते, म्हणूनच तर हे काम मिळालं. कारेगावच्या पत्र्याच्या खोल्या, हायवेकडेचे ढाबे, बाजाराच्या दिवशी तळेगाव ढमढेरे, असं फिरायचं. निरोधची पाकिटं द्यायची, कशी वापरायची ते दाखवायचं, दर सहा महिन्यांनी बायांना गोळा करून एचआयव्हीसाठी रक्त तपासायला न्यायचं. दाखवण्यासाठी पिशवीत एक लाकडी दांडू असतो. बाया त्याला सरपंच म्हणतात. मी पिशवी उघडली की कुणीतरी ओरडणारच — "सरपंच आलं गं, पदर घ्या डोक्यावर!" मग हसून हसून पुरेवाट. मला हसवता येतं. तोंडानं मी फटकळ आहे, पण माझं ऐकतात सगळ्या. गिऱ्हाईक ऐकत नाही म्हणून कुणी रडत आली तर मी म्हणते, खोली तुझी, खाट तुझी, त्याला म्हणावं ऐकायचं नसंल तर चपला घाल. आणि ती खरंच तसं म्हणते. माझं ऐकतात — हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता दुसरी गोष्ट. मला स्वतःला बारा वर्षांपासून तोच आजार आहे.

लिहिलं बाई एकदाचं. एवढं वाक्य लिहायला मी दोनदा उठून पाणी प्यायले. पण ही माझी चूक नव्हे, आजार म्हणजे चूक नाही, हे मी बायांना शंभरदा सांगते. चूक पुढं आहे.

मला तो गिऱ्हाइकाकडून झाला नाही. गिऱ्हाइकाला मी पाकिटाशिवाय हात लावू दिला नाही. झाला माझ्या माणसाकडून. साखर कारखान्याच्या ट्रकवर होता तो. मला घर करून दिलं, लेकीला शाळेत घातलं. त्याला पाकीट लाव कसं म्हणायचं? आमच्यात तसं कुणी म्हणत नाही. पाकीट धंद्याला, घरच्याला नाही. तो गेला, मी राहिले, आणि या कामाला लागायच्या आधीच माझं रक्त सांगून गेलं होतं.

गोळ्या शिरूरलाही मिळतात. पण शिरूरला मला सगळे ओळखतात, म्हणून मी दौंडला जाते. न्हावरा, चौफुला, मग गाडी बदलून दौंड. लेकीला, शेजारणींना सांगून ठेवलंय, दौंडला मीटिंग असते. गोळ्यांची बाटली आणली की आधी तिच्यावरचा कागद खरवडून काढायचा. मग तोंडाशी कापूस कोंबायचा. कशाला? बाटली वाजते हो. पिशवीत घेऊन एसटीत बसलात आणि गाडी खड्ड्यात आदळली, की खुळखुळ्यासारखी वाजते. घरी आल्यावर बाजरीच्या डब्यात खोल पुरून ठेवायची. लेक तळेगावला दिली आहे. तिच्या सासरी माहीत आहे की विहीणबाई आरोग्याच्या कामात आहेत. तपासणीच्या दिवशी मी इतर बायांचे हात धरून सुईपुढं करते, माझा हात मात्र कायम कामात असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — तो पाषाण म्हणजे मी. लेकीचं नाव घेतलं ते कारण म्हणून नाही. तसं वाचू नका.

आता मंगल.

मंगल कारेगावला राहते. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. मला अक्का म्हणते. पाकिटाच्या बाबतीत हिच्याइतकी पक्की बाई मी पाहिली नाही. कंपनीतली पोरं नाही नाही ते बहाणे सांगायची, ही हिंदीतून त्यांची अशी उतरवायची की ती निमूट ऐकायची. दारू पिऊन आलेल्याला दारातूनच परत. नव्या बायांना शिकवायला मी हिलाच पुढं करायची. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थीण. तिच्याविषयी बोलताना मला अजून अभिमान वाटतो, आणि त्याचीच लाज वाटते.

मग तिच्या आयुष्यात दत्ता आला. यवतकडचा, टेम्पो चालवायचा. मऊ बोलणारा माणूस. तिच्या खोलीचा गळका पत्रा त्यानं बदलला, तिच्या आईला दवाखान्यात नेलं. काही महिन्यांनी त्यानं तिच्या गळ्यात काळी पोत घातली, आणि मंगलनं ती मला अशी दाखवली की मीही पोतीकडं बघत राहिले. सोन्याचा एकच मणी होता तिच्यात.

त्याच्या पुढच्याच महिन्यात मी दत्ताला दौंडला पाहिलं. गोळ्यांच्या रांगेत. माझ्यापुढं चार माणसं सोडून.

त्यानं मागं वळून पाहिलं. मी पाहिलं. दोघांनी एकदमच माना फिरवल्या. एवढंच झालं. एक शब्द नाही. पण त्या क्षणी आमचा सौदा ठरला होता — तू मला पाहिलं नाहीस, मी तुला पाहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथं तर दोन मुठी होत्या.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचा आजार सांगायचा नसतो, तुमचा नियमच आहे. आहे. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि तो नियम चांगला आहे. मीही स्वतःला हेच सांगत होते. शिवाय गोळ्या रोज घेतल्या की आजार दबून राहतो, दुसऱ्याला जात नाही. हा घेतोय ना गोळ्या? मग झालं तर. असं म्हणून मी काही महिने झोपले. चांगली झोप लागायची, खोटं का सांगू.

मग एकदा कारेगावच्या चौकात तो मला गाठून उभा राहिला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "अक्का, गोळ्या बंद केल्यात मी. तिच्या खोलीत ठिवू कुठं? येवढीशी खोली. बाटली वाजती." मी पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला. मग तो म्हणाला, "तुमचं मी कुठं बोललो न्हाई. कवाच बोलणार न्हाई." ती धमकी होती का भलेपणा, मला आजही कळलेलं नाही. पण मी काय करायला हवं होतं? निदान एवढं तरी, की भाऊ, कापूस कोंबा. बारा वर्षांची माझी विद्या. तेवढीही मी त्याला दिली नाही. मान हलवली आणि जीपमध्ये बसले.

इथवरसुद्धा मी नियमामागं लपू शकते. पुढं नाही.

त्याच आठवड्यात मंगलनं मला चहाला बोलावलं. मी नेहमीप्रमाणे पाकिटांची थप्पी काढून दिली. तिनं अर्धी परत माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, ही धंद्यापुरती बास, त्याच्यासाठी आता नको. मी म्हटलं, का? तर म्हणाली, "अक्का, गिऱ्हाइकाला पाकीट आन् नवऱ्यालाबी पाकीट — मग नवऱ्यात आन् गिऱ्हाइकात फरक काय ऱ्हायला?"

मी नेहमीचं बोलले. दोघांनी मिळून रक्त तपासून घ्या, मग ठरवा, वगैरे. पण तोंडदेखलं. मंगल काही खुळी नाही, तिला माझा आवाज कळतो. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं, "तू तुझ्या माणसाबरूबर वापरायचीस का गं? खरं सांग."

बघा, इथं आहे ते. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरते आहे ते इथं आहे. दत्ताचं मी सांगू शकत नव्हते — कबूल. पण माझं? माझं सांगायला कुणाची परवानगी हवी होती? मी एवढंच म्हणायचं होतं की न्हाई गं मंगल, वापरलं न्हाई, आणि बघ मला काय झालं. बाजरीच्या डब्यात बाटली आहे, चल दाखवते. बास. तिनं दत्ताला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं. माझं ऐकते ती. सगळ्या ऐकतात.

मी म्हटलं, "न्हाई वापरलं कवा."

"मग काय झालं तुला?"

आणि मी हसले. दंड थोपटून दाखवला. म्हटलं, "मला काय व्हतंय? धडधाकट हाय की."

ती खुलली. म्हणाली, मग झालं तर. उरलेली पाकिटं मी पिशवीत टाकली, सरपंचाच्या शेजारी.

पुढच्या तपासणीला मंगलचा हात मीच धरला होता. आमच्या समुपदेशक बाईंनी तिला आत बोलावून निकाल सांगितला, ती बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. रडली नाही. नुसतं म्हणत राहिली — कसं? धंद्यात मी तर कायम वापरलं, एकदाबी चुकले न्हाई, मग कसं? मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. आणि म्हणाले, "फाटला असंल एखादा." तिनं ते धरून ठेवलं. कुठला फाटला, कधी फाटला, कोण होता, असं ती कितीतरी दिवस आठवत बसायची. एका बिहारी पोराचं नाव काढलं तिनं, तो बिचारा कधीच गाव सोडून गेला होता. मी म्हटलं, असंल तोच.

दत्तानं ऐकलं आणि आठ दिवसांत टेम्पो घेऊन निघून गेला. फोनही बंद. मंगलला वाटतं, तिच्यामुळं गेला. अजून सांगू? तिला वाटतं, तिनंच त्याला दिला. "धंदेवालीशी लग्न लावलं आन् म्या त्याचं वाटुळं केलं, अक्का." हे ती माझ्यासमोर बसून म्हणते. पोत तिनं काढून ठेवली आहे, घालायचा आपल्याला हक्क नाही म्हणून. मी काय म्हणते माहीत आहे? मी म्हणते, जाऊ दे गं, नशीब.

इथं संपलं असतं तरी पुरे झालं असतं. नाही संपलं. गोळ्या सुरू करायच्या होत्या. बाईंनी विचारलं, नाव कुठं घालू? मंगलला शिरूर नको होतं, ओळखीची माणसं. तिनं माझ्याकडं पाहिलं. दौंड, असं बाईच म्हणाल्या. मी चटकन म्हटलं, दौंडला लई गर्दी, कारेगावची कंपनीवाली बी दिसतात तिथं, त्यापरीस बारामती बरी. तिचं नाव बारामतीला घातलं गेलं. चौफुल्यापर्यंत आमचा रस्ता एकच. तिथून मी दौंडला वळते, ती पुढं बारामतीला जाते. तिला गाडी लागते, चौफुल्यापर्यंत येता येताच ती पार गळून जाते. मी दर वेळी आठवणीनं तिची तारीख विचारते. तिला वाटतं काळजीनं. मी ती विचारते आणि माझी तारीख बदलून घेते.

परवा ती शिरूरला माझ्याकडं आली. तब्येत बरी आहे तिची, गोळ्या एक दिवस चुकवत नाही. जे करते ते पक्कंच करते ती. जेवणं झाली. तिनं दार लोटून घेतलं आणि पिशवीतून बाटली काढली. कागद खरवडलेला. म्हणाली, "अक्का, येक गंमत दावते. तुझ्या बायांना सांगशील, त्यांच्या कामाची हाय." झाकण उघडून आतला कापूस दाखवला, परत नीट कोंबला, आणि माझ्या कानाशी धरून बाटली हलवली.

"बघ. वाजत न्हाई."

तिच्या पाठीमागं बाजरीचा डबा होता. हात लांबवला असता तर पोचला असता.

मी तिची बाटली हातात घेतली. हलवून पाहिली. आणि म्हटलं, "हे बरं सुचलं गं तुला."