मामंजींच्या कानातले खडे

माणसाचा जीव छातीत नसून कानात असतो, असं ठासून सांगणारं माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिलं, आणि ते नेमके माझे चुलतसासरे, म्हणजे मामंजी, निघाले. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवून मामंजी माले गावच्या घरी परतले, तेव्हा मी नवी नवरी होते. कुणी बांधावरून घसरला की बाकीचे त्याचा गुडघा बघत, मामंजी कान बघत. कानात तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या कशा बसवल्यात हे दाखवायला त्यांनी माझ्या हातातल्या तीन बांगड्या साबण लावून काढायला लावल्या. एक आडवी, दोन उभ्या धरून म्हणाले, "यात पाणी हिंदकळतं. मान कुठं वळली ते मेंदूला तिथनं कळतं." नव्या नवरीचा हात मोकळा केला म्हणून सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पौडाच्या एसटीत मला ओकारी झाली, तर लिंबू राहिलं बाजूला, मामंजी खुशीत! "डोळा म्हणतो बसलोय, कान म्हणतो हलतोय. भांडण त्यांचं, शिक्षा पोटाला."

आणि एका सकाळी कुशीवर वळताना त्यांच्याच डोळ्यांपुढं घर गरगरलं. कानातले बारीक खडे जागचे हलले, असं निदान त्यांनी पडल्या पडल्या केलं. घरच्यांनी मात्र त्यांचं संध्याकाळचं धरणाच्या पाण्यापर्यंत जाणं बंद केलं. कुणाचा हात न धरता तिथवर जाणं हाच त्यांचा सगळा रुबाब होता. तो परत मिळवायला त्यांनी खडे जागी बसवायचे उपचार स्वतःच आरंभले. बाजेवर बसायचं, धाडकन एका कुशीवर पडायचं, गरगर थांबली की उठून दुसऱ्या कुशीवर.

मी सातवी पास, म्हणजे माझ्या मते गावातली सगळ्यात शहाणी. दारातून पाहते तो मामंजींचं अंग डोलतंय, बुबुळं नाचतायत. "आत्याबाई, मामंजींच्या अंगात आलंय!"

सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "आगं मग कुंकू लाव! कुटला देव हाय त्ये इचार आदी!"

मी कपाळावर मूठभर कुंकू थापलं, लोटांगण घातलं आणि देवाचं नाव विचारायचं सोडून म्हटलं, "देवा, मला पुण्यात वेगळं बिऱ्हाड कधी मिळंल?"

सासूबाई तोवर माझ्या मागेच येऊन उभ्या होत्या. बाजेची कड घट्ट धरून देव खेकसला, "आधी डोळ्यातलं कुंकू काढ, गाढवे!"

गरगर पुढे थांबली, पण उतारावर पाय डळमळायचे ते डळमळायचेच. मग एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "चल पाण्यापर्यंत. मला धरायचं नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर एक बोट टेकवलं. "हा आधार नाही. नुसतं बोट लागलं तरी मेंदूला कळतं आपण सरळ आहोत का ते."

मग रोज संध्याकाळी आमची ती वाट ठरली. बोट सुटू नये म्हणून मी पावलं आखूड टाकायचे. पुढं एका बोटाची दोन झाली, मग सबंध हात टेकू लागला, आणि उतारावर तो चांगलाच जड व्हायचा. मी एकदाही वळून पाहिलं नाही.