बायकोची बोटं आणि बुऱ्हाणपूरचा दांडिया

लेकीच्या संगीतात आई-बाबांनी दांडिया खेळायचा, असं व्याह्यांकडून फर्मान आलं आणि पहिल्याच सरावात मी सुनंदाचं बोट सुजवलं. "परत लागलं ना, तर मी दादाबरोबर नाचेन," बोटावर बर्फ धरून तिने जाहीर केलं. तिचा दादा सुंदर नाचतो, आणि तसं सांगतोही. मग जळगावहून गाडी काढली. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात सुनंदाचे नातलग प्रभाकरभाऊ आणि शोभावहिनी राहतात. तीस वर्षं जोडीने दांडिया खेळतात. नवरात्राआधी रोज दुपारी अंगणात सराव.

रस्ता बरा आहे, फक्त केळीच्या ट्रकांमागे चिडायचं नाही. रावेरनंतर दोन्हीकडे केळीच केळी. काचेवर इतकी हिरवी सावली सरकत राहिली की आम्ही भांडायचंही विसरलो. बुऱ्हाणपुरात पोचलात की इतवारा बाजारात मावा जिलेबी जरूर खा. काळसर, जड. एक पुरे म्हणत आम्ही चार खाल्ल्या.

अंगणात गाणं नव्हतं. नुसतं टक्, टक्. तिरक्या उन्हात ती दोघं संथ पाण्यातल्या पानांसारखी एकमेकांभोवती फिरत होती. मी मोबाइल काढून त्यांचे पाय टिपत बसलो.

"भाऊ, आमच्या चपलांचा पिक्चर काढताय का?" वहिनींनी विचारलं.

"स्टेप शिकतोय."

"पाय तर भैंसला पण चार असतात! वर बघा ना जरा."

दुसऱ्या दिवशी वर बघितलं. प्रभाकरभाऊ टिपरी मारतच नव्हते. ती जागेवर नेऊन थांबवायचे, नजर वहिनींच्या चेहऱ्यावर. वहिनींची टिपरी सावकाश येऊन तिला भेटायची.

"आणि नाही आली तर?" मी विचारलं.

"तर थांबायचं. घाई कसली?" प्रभाकरभाऊ म्हणाले.

"तीस साल झाले, थांबलेच तर आहेत!" वहिनी म्हणाल्या.

त्यावर सुनंदा हसली, पण माझ्याकडे न बघता.

घरी परतल्यावर संध्याकाळी गच्चीवर गेलो. पहिल्यांदाच टिपऱ्यांऐवजी मी सुनंदाकडे बघितलं, तर माझी टिपरी जवळ येताच ती डोळे घट्ट मिटून घेत होती. दर वेळी. आतापर्यंत मी तिच्या हातावर नेम धरत होतो, आणि चेहरा बघायचा राहूनच गेला होता. व्यंग्य लिहून पोट भरणाऱ्या माणसाची ही निरीक्षणशक्ती.

मी टिपरी हवेत धरून थांबलो. तिने एक डोळा उघडला. "काय झालं?"

"काही नाही. तू ये."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती गल्लीबाहेर गेली. मग अगदी हलकेच, टक्.

दोन्ही डोळे उघडे होते.