कायमची प्रमुख पाहुणी

कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की आपला अपमान होणारच, अशा खात्रीनं घराबाहेर पडणारी आणि दर वेळी ती खात्री खरी करून परत येणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती टोकियोतल्या फुनाबोरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. म्हणून आमच्या घरात तिला नाव नव्हतं, ती नुसती 'वरची' होती. मूळची पेरू देशातली, लिमा शहरातली. तिचे आजोबा तरुणपणी जपानातून बोटीनं तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. त्यामुळे हिचं आडनाव जपानी, डोळे जपानी आणि तोंड उघडलं की स्पॅनिशचा धबधबा. सकाळी ती डब्याच्या कारखान्यात भातावर लोणच्याचे तुकडे मांडायचं काम करायची आणि दुपारी घरी येऊन स्पॅनिशमध्ये ब्लॉग लिहायची. ब्लॉगच्या नावाचा अर्थ होता 'मुळात कुठली?'. हा प्रश्न तिला जपानात रोज विचारला जाई आणि लहानपणी लिमातही विचारला जाई, असं तिचं म्हणणं. ब्लॉगचा विषय एकच: सांस्कृतिक कार्यक्रम, मेळावे, जत्रा आणि तिथे झालेला अन्याय. कुठेही कापडी फलक बांधलेला दिसला आणि घडीच्या खुर्च्या मांडलेल्या दिसल्या की ही गळ्यात कॅमेरा अडकवून हजर.

आमची ओळख कचऱ्यावर झाली. मी पुण्याहून नवऱ्याबरोबर नव्यानंच आले होते आणि बाटल्यांच्या जाळीत टोपणासकट बाटल्या टाकत होते. मागून आवाज आला, "टोपण वेगळं. वेष्टण वेगळं. बाटली धुतली आहेस का?" मी चिडून म्हटलं, तुम्ही कोण सांगणाऱ्या? तेव्हा माझं जपानी इतकंच होतं. ती म्हणाली, "या महिन्यात कचऱ्याची पाळी माझी आहे." हे तिनं अशा दिमाखात सांगितलं, की मला वाटलं बाईला सरकारी पदक मिळालेलं दिसतंय. ती पाळी मिळवण्यासाठी ती बिल्डिंगच्या मंडळाशी वर्षभर भांडली होती, हे मला नंतर कळलं. तिथल्या बायका म्हणायच्या, राहू दे, तुम्ही परदेशी, तुम्हाला कशाला त्रास. आणि या गोड बोलण्यानं हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिचं एक ठाम मत होतं. घरच्या माणसाला काम सांगतात आणि परक्याला खुर्ची देतात. त्यामुळे कुणी खुर्ची पुढे केली की ती दोन पावलं मागे सरायची.

आमच्या वॉर्डात शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय मैत्रीचा मेळा भरायचा. त्याचं वर्णन ऐकावं ते तिच्याच तोंडून. पहिल्या वर्षी ती वेळेवर जाऊन दारात उभी राहिली, तर कार्यकर्त्या बाई घड्याळ बघत तिलाच म्हणाल्या, "दक्षिण अमेरिकेच्या बाई अजून आल्या नाहीत, तुम्हाला कुठे दिसल्या का?" दक्षिण अमेरिका समोर उभी आहे हे त्यांना पटवायला तिला पासपोर्ट काढावा लागला. मग त्या इतक्या ओशाळल्या, की तिच्या डोक्यावर त्यांनी भलीमोठी मेक्सिकन टोपी ठेवली आणि हातात खुळखुळे दिले. पेरू आणि मेक्सिको यांच्यामध्ये किती देश आहेत ते तिनं नकाशावर दाखवलं. बाईंनी मान डोलावून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सांबा नाच किती वाजता ठेवू?" तो तर ब्राझीलचा. शिवाय वरचीला नाच अजिबात येत नव्हता. ती जिन्यावरून उतरतानासुद्धा ताल चुकायची. त्या रात्री तिनं ब्लॉगवर जे लिहिलं ते मी यंत्राकडून इंग्रजीत उलटवून वाचलं. यंत्रानं अर्ध्या शिव्या गाळल्या असाव्यात, तरी मला पाणी प्यावं लागलं.

खरं सांगायचं तर तिचं वाचून मला हसू कमी आलं आणि संताप जास्त, कारण त्याच मेळ्यात पलीकडच्या टेबलावर मी होते. मी पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. इथे डिपेंडंट व्हिसावर आल्यावर माझी पात्रता एकच उरली, ती म्हणजे साडी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जपानी बायकांना साडी नेसवायची, कपाळाला टिकली लावायची आणि "रोज करी खाता का?" या प्रश्नाला हसून उत्तर द्यायचं. गंमत म्हणजे मी स्वतः घरी जीन्सच घालायचे. संध्याकाळी आम्ही दोघी स्टेशनसमोरच्या कोंबिनीत, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या दुकानात, कॅनमधली कॉफी घेऊन उभ्या राहिलो आणि मोडक्यातोडक्या जपानीत तासभर त्या मेळ्याचा उद्धार केला. लोकांची मैत्री आवडीनिवडीवरून जमते. आमची रागावरून जमली आणि चांगली टिकली.

मीच तिला आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला नेलं. मला वाटलं, बघ म्हणावं, आमच्याकडे असं नसतं. शनिवार-रविवार वॉर्डाचा हॉल भाड्यानं घ्यायचा, नाटुकली, गाणी, जेवण, असा आमचा उत्सव. ती आली, बूट काढून सरळ स्वयंपाकघरात गेली, बाह्या सरसावल्या आणि मोदकाच्या पाऱ्या करणाऱ्या बायकांशेजारी बसली. तेवढ्यात आमचे अध्यक्षसाहेब धावत आले. अध्यक्षसाहेब म्हणजे एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. सोमवार ते शुक्रवार 'तानाका-सान, प्लीज' करत वाकायचे आणि ती कसर शनिवारी माइकवर भरून काढायचे. "अहो, पाहुण्यांना काय कामाला लावता?" म्हणून त्यांनी तिला उठवलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. परदेशी भगिनी, आपल्या संस्कृतीची ओढ, वगैरे वगैरे. पहिल्या वर्षी तिला त्याचं अप्रूप वाटलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वर्षी तिनं मला विचारलं, "मी असं काय केलंय?" तिच्या घरी शालींचा ढीग साठला. थंडीत त्या तिनं खिडकीच्या फटींना लावल्या होत्या.

तिला हवं होतं ते अगदी साधं होतं. मंडळात कामाच्या पाळ्या लागायच्या: सतरंज्या घालणं, पानं मांडणं, शेवटी फरशी पुसणं. त्यातली एक पाळी तिला हवी होती. दर वर्षी मी मीटिंगमध्ये हा विषय काढायचे आणि दर वर्षी अध्यक्षसाहेब म्हणायचे, "वहिनी, त्या आपला मान आहेत." एकदा तर म्हणाले, "फक्त त्यांना तिकडचं काहीतरी घालून यायला सांगा हो, फोटोत त्या जपानीच वाटतात." मी तिथेच भडकले. म्हटलं, तुम्हाला जिवंत बाई हवी आहे की पाटी लावलेली बाहुली? नवरा टेबलाखालून माझा पाय दाबत होता. मी घरी येऊन हे सगळं वरचीला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही लोक हुशार आहात. जपानी लोक परक्याला नुसतं लांब बसवतात. तुम्ही लांब बसवून वर सत्कार करता." हे तिनं ब्लॉगवरही लिहिलं. मंडळातल्या कुणीतरी ते यंत्रात घालून वाचलं आणि अध्यक्षसाहेबांना लागलं. "इतका मान देऊन हे फळ," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

मग मंदीचं वर्ष आलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांची कंत्राटं संपली, कुणी पुण्याला गेलं, कुणी सिंगापूरला. डब्याच्या कारखान्यानं वरचीची पाळी आधी अर्धी केली आणि मग बंदच केली. तिच्यासारख्या, आजोबा जपानी असलेल्या परदेशी कामगारांना तेव्हा सरकारनं परतीच्या तिकिटाचे पैसे देऊ केले होते. मात्र ते घेतले तर पुन्हा त्याच व्हिसावर इथे यायचं नाही. ती तरातरा माझ्या स्वयंपाकघरात आली. "माझ्या आजोबांचं घर या देशात आहे," ती म्हणाली, "आणि हे मला खाऊची पुडी देऊन दारापर्यंत सोडायला निघालेत." तिनं ते पैसे घेतले नाहीत. लिमात आई एकटी होती, इथे काम नव्हतं. तिनं कॅमेरा विकला, स्वतःच्या पैशानं तिकीट काढलं आणि मला बजावलं, की मी जाते आहे, मला कुणी पाठवत नाहीये. मला तिच्याइतकाच राग आला होता आणि रडूही येत होतं, पण तिच्यासमोर रडायची सोय नव्हती.

तिच्या जाण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम म्हणजे आमचा गणपती. मी अध्यक्षसाहेबांना म्हटलं, निदान या वर्षी तिला एक पाळी द्या, परत ती येणार नाही. ते म्हणाले, "अहो, म्हणूनच तर निरोपाचा जंगी सत्कार ठेवलाय." मी कपाळावर हात मारला.

रविवारी दुपारी हॉल भरलेला होता. अध्यक्षसाहेब रेशमी झब्ब्यात माइकवर होते. "आजच्या प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावर यावं," असं त्यांनी पुकारलं आणि पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. मी शोधायला बाहेर गेले. हॉलच्या मागच्या अंगणात चेरीचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी वरची उभी होती आणि समोर कान्रिनिन-सान, म्हणजे हॉलची देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ, लाल चेहऱ्यानं बोलत होते. झाडाखाली हार, दूर्वा, जास्वंदी यांचा ढीग होता, दोन दिवसांच्या उकाड्यात चांगलाच कुजलेला. प्रकार माझ्या लगेच ध्यानात आला. बाकीचा सगळा कचरा आमच्या लोकांनी नियमाप्रमाणे वेगळा केला होता, पण निर्माल्य कचऱ्याच्या पिशवीत टाकायला कुणाचा हात धजला नव्हता. नदीत सोडायची बंदी. मग कुणीतरी आपलं झाडाच्या मुळाशी नेऊन ठेवलं आणि बाकीच्यांनी त्यावर ठेवलं. म्हातारे म्हणत होते, सरकारी जागेत चोरून कचरा टाकणं हा गुन्हा आहे, मी आजच वर कळवणार, पुढच्या वर्षीपासून तुमच्या लोकांना हॉल नाही.

वरची कमरेत वाकली. तिला इतकं खाली वाकलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मेळ्यातल्या बाईंनी मेक्सिकन टोपी घातली तेव्हाही ती ताठ होती. ती म्हणाली, "आमच्याकडून चूक झाली. माफ करा." म्हाताऱ्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही जपानी ना? या इंडियाच्या मंडळींच्या कोण लागता?"

"मी यांच्यातलीच," ती म्हणाली. "ही देवाला वाहिलेली फुलं आहेत. आमच्या लोकांना ती कचऱ्यात टाकवत नाहीत. चूक आहे, पण आळशीपणा नाही. काय करायचं ते सांगा, आम्ही करतो."

म्हातारे आत गेले आणि पांढरे कागद आणि मिठाची बरणी घेऊन आले. त्यांच्याकडेही देवळातल्या वस्तू तशाच कचऱ्यात टाकत नाहीत. पांढऱ्या कागदात ठेवायच्या, वर चिमूटभर मीठ घालायचं, नीट गुंडाळायचं आणि मगच कचऱ्यात द्यायच्या. त्यांनी एक पुडी करून दाखवली आणि म्हणाले, "आज कळवत नाही. पण हे सगळं उचलून जा." आम्ही दोघी खाली बसलो आणि पुड्या बांधायला लागलो. वास असा, की डोळ्यांत पाणी यावं. आतून माइकवर प्रमुख पाहुण्यांचा पुकारा चालूच होता.

शेवटी अध्यक्षसाहेब स्वतःच शाल हातावर टाकून बाहेर आले. "अहो, तुम्ही इथे? दीडशे माणसं खोळंबली आहेत." वरचीनं मान वर केली नाही. "मी कामात आहे," ती म्हणाली. मी काय झालं ते त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षीचा हॉल कसा हातचा जात होता तेही सांगितलं. ते आधी त्या ढिगाकडे पाहत राहिले आणि मग तिच्याकडे. त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली, झब्ब्याच्या बाह्या वर केल्या आणि तिला विचारलं, "मीठ आधी घालायचं की नंतर?" ती त्यांच्यावर खेकसली, "आधी बघून घ्या, मग हात लावा." मला सांगायला हरकत नाही, त्या माणसावरचा माझा पाच वर्षांचा राग त्या दुपारी निम्म्यावर आला. सत्कार झाला नाही. तिनं नंतर फरशी पुसली आणि माझ्या बाजूला डाग राहिले म्हणून मला पुन्हा पुसायला लावली.

ती गेली त्या सकाळी जवळच्या निशि-कासाई स्टेशनसमोर विमानतळाच्या बसची रांग होती. मंडळातर्फे भेट द्यायचं चाललं होतं ते मी होऊ दिलं नाही. मी घरून डब्यात दही नेलं होतं. तिचा हात पुढे घेऊन तळव्यावर चमचाभर ठेवलं. तिनं संशयानं माझ्याकडे पाहिलं. "हा काय, सत्कार आहे का?" मी म्हटलं, "नाही. पाहुण्यांना हे देत नाहीत. घरातलं माणूस बाहेर निघालं की त्याच्या हातावर ठेवतात."

रांग पुढे सरकली तरी ती तिथेच उभी राहिली. मग तिनं सगळ्यांसमोर तळवा चाटला, जिभेवर घोळवलं आणि कपाळाला आठी घातली.

"साखर कमी आहे," ती म्हणाली. आणि बसमध्ये चढली.