रोमची भिंत आणि वळसंगचा बांध

वळसंगच्या माळावर शंभरेक मेंढरं राखणाऱ्या मायाप्पाला रोमचं नाव सत्तरी आल्यावर कळलं. शाळा त्यानं कधी पाहिली नव्हती. सहा वर्षांचा असताना बापानं हातात काठी दिली आणि त्याचं शिक्षण तिथंच सुरू झालं. कुठल्या मेंढीचा पाय दुखतोय ते तो लांबून सांगायचा. बोलायचा मात्र कमी, आणि गेली दोन वर्षं तर फारच कमी.

त्याची नात प्रियदर्शनी सोलापुरात वसतिगृहावर राहून बी.ए.ला इतिहास शिकत होती. परीक्षेआधीच्या सुट्टीत ती घरी आली. घरात सारखा टीव्ही आणि माणसांची ये-जा. मोठ्यानं वाचल्याशिवाय तर तिच्या डोक्यात काही राहत नसे. म्हणून ती वह्या घेऊन आजोबांमागं माळावर जायची आणि लिंबाखाली बसून वाचायची.

"कुणाचं वाचतीस गं?" एक दिवस मायाप्पानं विचारलं.

"रोमचं, आबा. लई मोठं राज्य हुतं. पण सुरुवातीला काय न्हवतं. नदीकाठच्या टेकड्या आणि तिथं मेंढपाळांच्या झोपड्या."

"मेंढपाळांच्या?" तो येऊन तिच्याजवळ टेकला.

मग रोजचंच झालं. रोमनांनी आधी शेजारची गावं घेतली, मग डोंगरातल्या लढवय्या टोळ्या वाकवल्या, मग सगळा इटली देश, मग समुद्रापलीकडचं कार्थेज. मध्येच एकदा उत्तरेच्या टोळ्यांनी खुद्द रोम लुटलं, तरी ते पुन्हा उभे राहिले. मायाप्पाचे प्रश्न तिच्या प्राध्यापकांपेक्षा अवघड असत.

"हरल्याल्या लोकास्नी काय करायचे?"

"काहींची जमीन काढून घ्यायचे. काहींना आपल्यातलंच मानायचे. बाकीच्यांना म्हणायचे, तुमचं गाव तुमालाच, पण लढाईला माणसं द्या."

"म्हंजी कळपात घेतलं की," मायाप्पा म्हणाला. "म्हून वाढले."

रोमच्या जन्माची दंतकथा तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. नदीत सोडलेली दोन जुळी पोरं आणि त्यांना दूध पाजणारी लांडगी. ज्याचं आयुष्य लांडग्यांपासून कळप राखण्यात गेलं तो हसेल, असं तिला वाटलं. तो हसला नाही.

"पाजंल की. पिल्लू मेल्याली आई कुणालाबी पाजंल. फुडं?"

"मोठे झाल्यावर एकानं गावाभोवती भिंत बांधायला घेतली. दुसऱ्यानं चेष्टा केली आणि भिंतीवरनं उडी मारून दाखवली. त्या रागात पहिल्यानं सख्ख्या भावाला मारून टाकलं आणि पुढं राजा झाला."

मायाप्पा उठला आणि मेंढरांकडं निघून गेला. त्या दिवशी त्यानं भाकरीला हात लावला नाही.

"काय सांगितलंस गं त्यांना?" गोजाबाईनं, त्याच्या बायकोनं, नातीला विचारलं. प्रियदर्शनीनं गोष्ट सांगितली तशी म्हातारीनं तिला जवळ बसवलं. मग तिनं नातीला माहीत नसलेलं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ गुंडा याची मेंढरं बांध ओलांडून मायाप्पाच्या ज्वारीत शिरली. मायाप्पा ओरडला, तर गुंडा हसत बांधावरून उडी मारून अलीकडं आला. मायाप्पानं हातातली कुऱ्हाड उगारली. ती गुंडाला न लागता बांधावरच्या बाभळीत रुतली. भ्या दाखवायला उगारली, असं सगळे म्हणाले. पण भावाभावांचं बोलणं तेव्हापासून बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाप्पा गुंडाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला पाहून गुंडाचा हात आपोआप काठीकडं गेला.

"मारायला न्हाय आलो," मायाप्पा म्हणाला. "गुंड्या, समदी म्हनत्यात मी भ्या दाखवलं. तसं न्हवतं. मी मारलीच हुती. तू वाकलास म्हून चुकली."

गुंडानं काठी सोडली.

"मला ठावं हाय."

"ठावं हाय?"

"तुजं डोळं बघितलं हुतं की मी. पोरांस्नी सांगितलं न्हाय. ती ऐकली नसती, पोलिसात गेली असती." त्यानं हौदाच्या कडेकडं बोट दाखवलं. "तू येऊन सांगशील म्हून वाट बघत हुतो, आण्णा. लई दिवस लावलंस."

मायाप्पा तिथंच हौदाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला केल्यासारखं त्याला हलकं वाटलं. डोळे पुसून झाल्यावर त्यानं गुंडाला त्या परमुलखातल्या दोन भावांची गोष्ट सांगितली.

"मग ज्यानं भावाला मारलं, त्याचं काय झालं?" गुंडानं विचारलं.

"राजा झाला."

"एकटाच?"

"एकटाच."

गुंडानं आत हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितला.

दुपारी घरी येऊन मायाप्पा अंगणात आडवा झाला आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपला. गोजाबाईनं त्याला उठवलं नाही. त्याची मेंढरं त्या दिवशी गुंडानं वळवून आणली.