माहेरच्या गिरणीवर दळण

माहेरी पक्षाची सभा हाय, जुन्या गोष्टीची माफी मागणार हायत, असं भाच्यानं फोनवर सांगितलं. मी लगेच पिशवीत जवारी भरली. सून म्हणाली, "आत्याबाई, सभेला दळण नेतेत का कुठं?"

"ह्या सभेला नेतेत."

मानवतहून लाल गाडी, परभणीला बदलली. बायांनो, आपल्याला अर्धं तिकीट हाय, हिंडा! सकाळी उजवीकडं बसा, डावीकडून ऊन लागतं. गोदावरीचा पूल आला की मला अजून पोरीसारखं हसू येतं. गंगाखेडला गरम भजी खाल्ली, लय तिखट, पण सोडवंना. राणीसावरगावपासून आटो. पुढच्या गावाचं नाव लिहीत न्हाई, भाच्याला तिथंच राहायचं हाय.

मी लहान असताना आमच्या बौद्धवाडीनं गावच्या विहिरीचं पाणी भरलं, तर गावानं आमाला वाळीत टाकलं. गिरणीवाले पाटील ह्याच पक्षाचे पुढारी. त्यांनी आमचं दळण बंद केलं. माय जवारी उकडून खाऊ घालायची. मरेपर्यंत म्हणायची, "त्यांनी एकडाव म्हणावं, आमी चुकलो."

सभेत पक्षाचे साहेब म्हणाले, कुणाचं मन दुखावलं असंल तर दिलगीर आहोत. मी उठले. "दादा, गिरणी कुणी बंद केली ते बी सांगा की."

"मावशी, तवा पक्षात दुसरी माणसं होती."

मागून एक म्हातारी वरडली, "आन् झेंडा कुणाचा व्हता रं?" सगळा मांडव हसला. साहेब म्हणाले, जेवण तयार हाय, जेवून जा.

मी न जेवता गिरणीवर गेले. आता पाटलाची सून चालवती. मी बौद्धवाडीची लेक म्हणून सांगितलं, पिशवी पुढं केली. तिनं जवारी ओतली. पीठ भरताना खाली बघतच म्हणाली, "मामंजीनं वाईट केलं, अक्का. घरातली म्हणून म्हणते. पक्षाचं मी कसं बोलू?" पैसे घेईना. मी हातात कोंबले. फुकट न्हवतं पाहिजे मला, मायला बी न्हवतं.

येताना गाडीत पिशवी मांडीवर ऊन ऊन लागत होती. मी वाटभर खुशीत, शेजारणीला पीठ दाखवत आले.

घरी पहिली भाकर मायच्या फोटोपुढं ठेवली. "माय, दळण झालं," म्हणलं. तिनं पुढचं विचारलं असतं, म्हणून फोटोकडं लय येळ बघितलं न्हाई.