मोंडकर सरांचं आंघोळीचं पाणी

मोंडकर सरांनी आम्हाला भूगोल शिकवला. जगात गरम पाण्याचे झरे कुठे कुठे आहेत हे त्यांना तोंडपाठ होतं, पण घरच्या बादलीतलं पाणी गरम झालंय की नाही, हे त्यांनी लग्न झाल्यापासून एकदाही स्वतः बघितलं नव्हतं. हे वर्गात बसून नाही, शेजारी राहून सांगतोय. सिल्वासाच्या डोकमर्डीत त्यांचं आणि आमचं रो-हाउस भिंतीला भिंत लावून आहे, आणि बिल्डरने ती भिंत इतकी काटकसरीने बांधलीय की रोज सकाळी सरांची हाक आमच्या मोरीत घुमायची, "अगं, पाणी झालं का बघ."

मग प्रमिलाकाकू बादलीत हात बुडवून निकाल द्यायच्या. "या", नाहीतर "थांबा जरा". त्यावर अपील नव्हतं. काकू देवगडला माहेरी गेल्या की सर गार पाण्याने आंघोळ उरकायचे. गीझर होता, निकाल द्यायला कोणी नव्हतं.

काकू डावखुऱ्या. नवीन असताना सासूबाईंनी त्यांना उजव्या हाताने वाढायला लावलं होतं. वर्षभर आमटी पानाबाहेर पडली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "राहू दे, डाव्यानेच वाढ, भात तरी पोचेल." तेव्हापासून घरातलं सगळं त्या हातावर चालायचं. दुधाची साय, इस्त्रीचा ताप, पोराचं अंग गरम आहे का, आणि सरांचं पाणी.

सर सिल्वासाला मराठी शाळेवर आले तेव्हा दोन वर्षांनी कोकणात बदली करून घेणार होते. निवृत्त झाले तरी ती दोन वर्षं संपली नव्हती. वर्गात निम्मी पोरं शिरपूर-नंदुरबारकडची, आईबाप कंपनीत. सर हजेरीला विचारायचे, "आज शिरपूर शाखा पूर्ण आहे का?" आमचे वडील त्याच शाखेचे, त्यामुळे मला राग यायला हवा होता, पण सर सुरणाच्या भाजीसारखे होते, आधी घशात खाजायचे, मग आवडायचे.

गेल्या दिवाळीआधी काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. साखर आधीपासून होतीच. वाचा लगेच परत आली, म्हणजे सरांना ओरडा बसायला लागला. हातही हलायला लागला. पण तो नुसता हलायचा. एकदा भाजी चिरताना बोट कापलं, ते काकूंना ताटात रक्त दिसल्यावर कळलं. त्याच हसल्या, "माझा हात आता सरकारी झालाय. काम करतो, पण त्याला काही वाटत नाही." सरांनी त्या दिवशी विळी माळ्यावर टाकली आणि आपण फार सावध आहोत अशी स्वतःची समजूत करून घेतली.

राहिला पाय. काकूंची इच्छा साधी होती. आधाराशिवाय फाटकापर्यंत जायचं आणि भाजीवाल्याशी स्वतः भांडायचं. सर भाजी आणायचे ती भाव न करता, आणि काकूंना हा पायाच्या दुखण्यापेक्षा मोठा आजार वाटायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, कोमट पाण्यात पाय हलवला तर जोर येईल, होळीपर्यंत चालाल. हे कॅनडात प्रसादला, त्यांच्या मुलाला, कळलं आणि त्याने तिथून पैसे भरून गरम पाण्याचा टब पाठवून दिला.

टब म्हणजे बाळाचा टब नव्हे. चार माणसं बसतील एवढा, आत पायऱ्या, बाजूला बटणं. मागच्या पडवीत तो बसवला तेव्हा समोरचा नथू बघायला आला. नथू यार्न कंपनीत, पहिल्या पाळीला. त्याने टबाला एक चक्कर मारली. "सर, ह्याच्यात आमची आख्खी चाळ धुवून निघेल."

"चाळ नको, तू निघालास तरी बोरिंग आटेल," काकू खुर्चीतून म्हणाल्या.

वापीच्या दुकानातून चेतन नावाचा कारागीर आला होता. त्याने पाइप फिल्टरच्या खड्ड्यात सोडून टब भरला, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. पूर्ण भरेपर्यंत स्विचला हात लावू दिला नाही. मग चालू करून सरांना समोर उभं केलं. "सर, पाणी खूप हळूहळू गरम होणार. आज सकाळी चालू केला तर उद्या सकाळी बसायचं. झाकण लावून ठेवायचं, पंप बंद नाय करायचा. वरून पाणी टाकायचं तर आधी मेन स्विच बंद. आणि हाताने नाय बघायचं, हे टाकून बघायचं." त्याने एक पिवळं प्लास्टिकचं बदक दिलं. त्याच्या पोटात थर्मामीटर. "मॅडमला साखर आहे ना? तर अडतीसच्या वर नाय."

सरांनी मान डोलावली. वर्गात आम्ही डोलवायचो, अगदी तशी.

चेतन गेल्यावर काकूंनी टबाची पूजा केली. नवीन पाण्याची वस्तू घरात आली की त्यांच्यात करतात. कडेला हळदकुंकू, पाण्यात नारळ आणि एक जास्वंद. बदकालाही कुंकू लागलं, आणि मग ते देवाच्या कट्ट्यावर जाऊन बसलं. नारळाशेजारी बदक पोहताना बरं दिसत नाही, असं काकूंचं म्हणणं. सरांनाही ते पटलं.

तो रविवार होता. प्रसाद संध्याकाळी फोन करणार होता आणि आईला पाण्यात बघणार होता. जानेवारीतलं बोरिंगचं पाणी, संध्याकाळपर्यंत जेमतेम गारठा मोडला होता. सर म्हणाले, "उद्या बसू." काकूंचं तोंड उतरलं. "उद्या तो कामावर असेल. एवढे पैसे घातलेत त्याने, रिकामा टब बघणार?"

नथू अजून तिथेच होता. "सर, वर सोलरचं गरम पाणी आहे ना? आज कोणी वापरलंच नाही. पाइप जोडू, पाच मिनिटाचं काम."

सरांना नियम आठवला. पाणी टाकताना मेन स्विच बंद. त्यांनी स्वतः जाऊन बंद केला, बटणांवरचे आकडे विझलेले पाहिले, परत जाऊन स्विच बघून आले. विजेला त्यांनी जराही संधी दिली नाही. पण स्विच बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे पाणी ढवळणं बंद. सोलरचं कढत पाणी पायरीच्या कोपऱ्यात पडत राहिलं आणि वरच्या थरातच पसरत राहिलं. गरम प्रवाह वर आणि थंड खाली, हा धडा सरांनी आम्हाला फळ्यावर समुद्र काढून शिकवला होता.

प्रसादचा फोन आला. तो मी धरला होता. सर टबाजवळ वाकून म्हणाले, "अगं, पाणी झालं का बघ."

काकूंनी हात बुडवला. डावा. "कोमट आहे. अजून येऊ दे."

पडवीत कोणालाच काही खटकलं नाही. काकू पाणी बघतात ते डाव्या हातानेच, आणि त्यांचा निकाल कधी चुकलेला नव्हता.

व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं, आधी अधू पाय पाण्यात. सरांनी काकूंना काठावर बसवलं, पाठीमागून धरलं. उजवा पाय बाहेर स्टुलावर, डावा गुडघ्यापर्यंत पाण्यात, पाइपाखाली.

"आई, कसं वाटतंय?" प्रसादने विचारलं.

"बरं वाटतंय रे. दगड होता, हलका झालाय. होळीला भाजीवाल्याची खैर नाही."

ती दोघं बोलत राहिली. तिकडचा बर्फ, सुनेची सर्दी, इथल्या मेथीचा भाव. मधेच जास्वंद तरंगत पाइपाखाली आली आणि गोल फिरायला लागली. देवाचं फूल पायाला लागतंय म्हणून सरांनी ते काढायला हात घातला. हात जितक्या वेगाने गेला त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आला.

"अगं," एवढंच ते म्हणाले.

नथूने आणि सरांनी काकूंना उचललं. मी फोन उलटा केला. पायाचा रंग मी सांगत नाही. टॉवेल लावला तेव्हा टाचेजवळची कातडी मोज्यासारखी सरकली. काकू आमच्या तोंडांकडे बघत होत्या. "काय झालं? फोन का बंद केला?"

पुढचं सगळं दवाखान्यात. साखरेमुळे जखम भरेना. आधी दोन बोटं काळी पडली, मग पाऊल. होळीच्या आठवड्यात सुरतेला गुडघ्याखाली पाय काढला. काकू शुद्धीवर आल्या आणि सरांना म्हणाल्या, "आता भाजीवाल्यालाच आत बोलवा." सर बाहेर येऊन जिन्यात बसले.

चेतनने येऊन टब रिकामा केला आणि झाकण लावलं. नथू महिनाभर मागच्या गल्लीने कामाला जात होता. शेवटी काकूंनीच त्याला खिडकीतून हाक मारली. "नथू, पाय माझा गेला, लपतोस तू का?" तो आला, उंबऱ्यात बसला, चहा निवेपर्यंत कपाकडे बघत राहिला. प्रसाद अजून दर रविवारी फोन करतो. सर फोन असा धरतात की काकू खांद्यापासून वरच दिसतात.

आता सकाळी भिंतीपलीकडून वेगळे आवाज येतात. प्लास्टिकची खुर्ची मोरीत सरकते. काकूंना बसवून सर बादली भरतात. बदक पाण्यात टाकल्याचा टप्प असा आवाज होतो. मग हात बुडवल्याचा.

"झालं का?" काकू विचारतात.

बादलीची कडी वाजते.

"अहो, बदक काय म्हणतं?"

"छत्तीस."

"आणि हात?"

"कळत नाही गं."

पुन्हा हात बुडतो. आमच्या घरी दात घासून होतात, चहा होतो, वडील पाळीला निघतात, तरी पलीकडे पाणी अंगावर पडल्याचा आवाज आलेला नसतो. शेवटी काकूच म्हणतात, "घाला."

तोवर ते गार झालेलं असतं.