पदराच्या गाठीतला फ्यूज

पळसदेवच्या मानसिंगतात्यांनी तीस वर्षं गावात वायरिंगची कामं केली. एवढ्या वर्षांत कामाआधी मेन स्विच पाडल्याचं मात्र कुणाला आठवत नाही. त्यांची पद्धत सोपी होती. लाईट गेली की काम सुरू, आली की बंद. लाईट जाण्याचं वेळापत्रक त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. कधी ती वेळेआधी आलीच, तर तात्या दोन पावलं मागे उडायचे, हात झटकायचे आणि शांतपणे म्हणायचे, "आली वाटतं." बघणाऱ्यांना तोही वायरिंगचाच एक भाग वाटायचा.

त्यांची सून राजेश्वरी इंदापुरातून वायरमनचा कोर्स करून आलेली. लग्नाला चार वर्षं झाली, पण सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली होतं. तात्यांचे गुडघे गेले आणि त्यांना शिडी चढवेना, तरी गाव फोन लावायचं ते तात्यांनाच. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "तात्या, इथून पुढं तुमची कामं मी करते."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "एक काम माझ्यासमोर कर. जमलं तर ठीक. चुकलीस तर पुन्यांदा हा इषय काढायचा न्हाय."

ते एक काम कुशाबाईंकडून आलं. कुशाबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवा डोळा असा काही लख्ख निघाला, की घरातला बल्ब लावला तरी टोचायचा. बल्ब बंद केला तर निवडायला घेतलेली मेथी दिसेना. म्हणून त्या दिवसभर काळा चष्मा घालून मेथी निवडत बसायच्या आणि भाजीत गवत निघालं की सगळं घर गप्प राहायचं. उजेड कमीजास्त करणारं डिमरचं बटण बसवायचं ठरलं. राजेश्वरीनं त्यांच्या मुलाला, कुंडलिकला, चिठ्ठी लिहून दिली होती, "डिमरवर चालणाराच बल्ब आण, साधा आणलास तर लुकलुक करील." त्यानं तो इंदापुरातून बरोबर आणला.

दुपारी दोघं पोहोचली. तात्यांनी ओसरीत, खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकली. इथून सुनेची प्रत्येक चूक नीट दिसणार होती. पाठीमागे हाताच्या अंतरावर भिंतीवर लोखंडी मेन स्विच होता.

राजेश्वरीनं आधी चालू प्लगमध्ये टेस्टर घालून टेस्टरच धड आहे ना ते पाहिलं. तेवढ्यात लाईट गेली. पंखा गरगरत थांबला.

"लागली बघ लॉटरी," तात्या म्हणाले. "उरक आता. एक तास येत न्हाय."

राजेश्वरी बाहेर आली आणि तिनं मेनचा दांडा खाली ओढला.

"अगं, लाईट न्हायच तर मेन कशाला पाडतीस? मेलेल्या म्हशीला दावं बांधायची पद्धत हाय व्हय तुमच्या कोर्सात?"

"म्हस उठली तर, तात्या?"

एवढं बोलून तिनं मेनमधला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसला, पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारून पदर कमरेला खोचला.

"सोन्याचा हाय का?" कुशाबाईंनी काळ्या चष्म्याआडून विचारलं.

"सध्या त्याहून जास्त, मावशी."

"आमी तीस वर्षं केलं ते काय मग," तात्या पुटपुटले. ते कुणाला ऐकू जायला नको होतं, पण सगळ्यांना गेलं.

राजेश्वरीनं बोर्ड उघडला, पुन्हा टेस्टर लावला, जुनं बटण काढलं. जुनाट वायरींची टोकं काळवंडली होती. ती कापून तिनं नव्यानं सोलली. दोन्ही उघडी टोकं तिच्या बोटांत होती आणि डिमर कुंडलिकच्या हातात, तेव्हाच शेजारच्या वाड्यावरची कडबाकुट्टीची मोटर धडधडायला लागली. तात्यांचा तास वीस मिनिटांत संपला होता.

"लाईट आली जणू," कुशाबाई म्हणाल्या. "मग आपल्यात का न्हाय?"

आता शेजाऱ्याकडे लाईट आहे आणि आपल्याकडे नाही, असं झालं की आपल्याकडचा कुठलाही माणूस विचार नंतर करतो, आधी मेन हलवून बघतो. तात्याही त्याच मातीतले. बसल्या जागी वळले आणि दांडा खाडकन वर केला.

पंखा हलला नाही.

तात्यांचा हात दांड्यावर तसाच राहिला. मान वळवली तर दारातून सून दिसत होती, दोन्ही हातांत उघडं तांबं. तिनंही खाडकन आवाज ऐकला होता. तिनं वायरी सोडल्या, मागे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तात्या, खाली करा."

तात्यांनी दोन्ही हातांनी दांडा खाली केला आणि उठून मेनला पाठ लावून उभे राहिले. गुडघे दुखत असूनही खुर्चीवर बसले नाहीत. कुंडलिक जवळून गेला तरी म्हणाले, "लांबनं जा."

डिमर बसला, स्क्रू आवळले गेले, बोर्ड बंद झाला. मग राजेश्वरीनं गाठ सोडून फ्यूज लावला आणि मेन चढवला. कुशाबाईंनी घाबरत बटण पिळलं. खोलीत आधी सायीसारखा, मग लोण्यासारखा उजेड पसरला. त्यांनी चष्मा काढला, मेथीची जुडी न्याहाळली, नंतर ओसरीकडे पाहिलं.

"मानसिंगराव, तुमी पांढरं फटक पडलाय की. का नव्या डोळ्यालाच असं दिसतंय?"

"डोळा चांगला हाय तुमचा," तात्या म्हणाले.

परतताना वाटेत तात्यांचा फोन वाजला. कुणाच्या तरी घरी गिझर बसवायचा होता.

"उद्या येईल," तात्या म्हणाले. "मी न्हाय, आमची सून... व्हय, एकटी... न्हाय न्हाय, मी कशाला सोबत? मी आलो की कामात लुडबुड करतो."

पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. तात्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग फोन राजेश्वरीपुढे धरला.

"हे धर. कुठं बसवायचाय ते तूच इचार. मला त्यातलं काय कळत न्हाय."